ग्लॅटिरॅमर: प्रतिकारशक्ती न दाबता तिला वळण लावणारं औषध

प्रतिकारशक्तीबद्दल बोलताना आपल्या डोक्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. कमी पडत असेल तर ती वाढवायची, आणि अंगावर उलटली असेल तर दाबायची. स्टेरॉइड किंवा अवयवरोपणानंतर घ्यावी लागणारी औषधं दाबण्याचं काम करतात, आणि त्याची किंमतही वसूल करतात: साधे जंतूही मग जड जातात. पण तिसराही एक मार्ग आहे. प्रतिकारशक्तीची ताकद तशीच ठेवायची आणि एका विशिष्ट ठिकाणी तिची वागणूक तेवढी बदलायची. ग्लॅटिरॅमर ॲसिटेट हे औषध या तिसऱ्या मार्गाचं फार चांगलं उदाहरण आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारावर ते १९९६ पासून वापरात आहे. त्याचं सुरक्षित असणं, त्याचं सावकाश लागू पडणं आणि काही रुग्णांत त्याचं तोकडं पडणं, या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. ते एकदा ध्यानात आलं की डॉक्टर हे औषध कुणाला देतात, कुणाला देत नाहीत, हेही आपोआप उलगडतं.

आधी आजाराविषयी. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसा यांतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. चरबी आणि प्रथिनं यांचं बनलेलं. त्याच्यामुळे संदेश वेगाने आणि न अडखळता धावतो. एमएसमध्ये शरीराच्याच काही टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पेशी, या आवरणाला परकं समजतात, मेंदूत शिरतात आणि तिथे सूज आणतात. आवरण उखडतं, संदेश मंदावतो किंवा वाटेतच थांबतो. ही सूज कुठे आली त्यावर लक्षणं ठरतात. कुणाला एका डोळ्याने धूसर दिसू लागतं आणि डोळा फिरवला की आत दुखतं. कुणाला कमरेखाली बधिरपणा येतो, कुणाला एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवीवर ताबा ठेवता येत नाही. आणि जवळजवळ सगळ्यांनाच असा थकवा येतो, जो झोपून उठल्यावरही जात नाही.

जगात एमएसचे सुमारे २८ ते २९ लाख रुग्ण आहेत. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट दिसतो. शंभरातल्या सुमारे ८५ जणांमध्ये त्याची सुरुवात एका ठरावीक चालीने होते: अटॅक येतो, काही दिवस किंवा आठवडे राहतो, ओसरतो, मग बरेच महिने शांतता, मग पुन्हा अटॅक. वैद्यकात याला रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएस म्हणतात. अटॅक ओसरला तरी प्रत्येक वेळी सगळं पूर्ववत होतंच असं नाही, थोडं काहीतरी मागे राहू शकतं. म्हणून अटॅकच कमी यावेत ही उपचाराची पहिली धडपड असते. ग्लॅटिरॅमर आहे ते याच कामासाठी.

त्याची गोष्ट सुरू होते रेबीजच्या लशीपासून. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर जी लस वापरली, ती सशाच्या मज्जारज्जूत वाढवलेल्या विषाणूपासून केलेली होती. लशीने असंख्य जीव वाचवले, पण थोड्या लोकांना ती घेतल्यावर काही दिवसांनी लकवा आला, आणि तो रेबीजचा नव्हता. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचून पाहिला. अर्कात विषाणू नव्हता, तरीही काही माकडं आजारी पडली आणि त्यांच्या मेंदूतलं मायलिन उखडलेलं सापडलं. दोष विषाणूचा नव्हता, मेंदूच्या ऊतीविरुद्ध चेतवल्या गेलेल्या प्रतिकारशक्तीचा होता. प्राण्यांमध्ये मुद्दाम घडवलेला हा आजार पुढे ईएई या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला, आणि आजही एमएसवरच्या संशोधनात तोच सगळ्यात जास्त वापरला जातो.

१९६० च्या दशकापर्यंत हे कळलं होतं की अख्खा मेंदू नको, मायलिनमधलं एकच प्रथिन टोचलं तरी ईएई होतो. त्या प्रथिनाचं नाव मायलिन बेसिक प्रोटीन. इस्रायलमध्ये रेहोवोत इथल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये मायकेल सेला अमिनो आम्लं जोडून कृत्रिम साखळ्या बनवण्यात मुरलेले होते. रूथ आर्नॉन आणि तेव्हा संशोधक विद्यार्थिनी असलेल्या द्वोरा टाइटेलबाउम यांच्यासह त्यांनी ठरवलं, की मायलिन बेसिक प्रोटीनशी साधारण मिळतेजुळते गुणधर्म असलेल्या साखळ्या बनवायच्या आणि त्यांनी ईएई होतो का ते बघायचं. आजार नेमका कशाने पेटतो हे शोधणं, एवढाच हेतू होता. औषध त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतं.

साखळ्या टोचल्या, गिनीपिगना काहीच झालं नाही. तेव्हा या तिघांनी प्रश्न उलटा करून विचारला: यांनी आजार होत नाही, पण यांच्यामुळे आजार थांबतो का? त्यांनी गिनीपिगमध्ये खऱ्या मायलिन प्रथिनाने ईएई पेटवला आणि सोबत आपल्या साखळ्या दिल्या. को-पॉलिमर वन हे नाव दिलेल्या मिश्रणाने बऱ्याच प्राण्यांत आजार होऊच दिला नाही. हे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ससे, उंदीर, माकडं अशा एकामागून एक प्रजातींमध्ये तोच अनुभव आला. मला यातली सगळ्यात मोलाची नोंद वेगळीच वाटते: या प्राण्यांची इतर परक्या गोष्टींविरुद्धची प्रतिकारशक्ती शाबूत होती. म्हणजे यंत्रणा बंद पडलेली नव्हती, फक्त मायलिनच्या बाबतीत तिचं वागणं बदललं होतं. हेच को-पॉलिमर वन पुढे ग्लॅटिरॅमर ॲसिटेट झालं.

आता सिरिंजमध्ये असतं तरी काय ते जवळून बघू. बहुतेक औषधं म्हणजे एकाच रेणूच्या अगणित तंतोतंत प्रती. इन्सुलिन हेही पेप्टाइडच, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, त्यात ५१ अमिनो आम्लं असतात आणि त्यांचा क्रम प्रत्येक रेणूत हुबेहूब तोच. ग्लॅटिरॅमरचं तसं नाही. चार रंगांचे मणी एका परातीत मिसळावेत आणि हाताला येईल तो मणी ओवत लाखो माळा कराव्यात, तसं ते आहे. हे चार रंग म्हणजे ग्लुटामिक आम्ल, लायसिन, ॲलनिन आणि टायरोसिन ही चार अमिनो आम्लं. माळा किती लांब आणि मणी कोणत्या क्रमाने, हे माळेगणिक वेगळं. पण सगळ्या माळांचे मणी एकत्र मोजले तर प्रमाण पक्कं असतं: शंभरात सुमारे ४३ ॲलनिन, ३४ लायसिन, १४ ग्लुटामिक आम्ल आणि ९ ते १० टायरोसिन.

कारखान्यात हे तीन टप्प्यांत होतं. आधी चारही अमिनो आम्लांची रासायनिकदृष्ट्या चपळ रूपं घेऊन त्यांना एकमेकांना जोडत लांब साखळ्या वाढवतात. मग हायड्रोजन ब्रोमाइड वापरून त्या लांब साखळ्या हव्या तेवढ्या आखूड होईपर्यंत तोडतात. शेवटी लायसिनच्या टोकाला बसवलेलं संरक्षक झाकण काढून टाकतात. सरासरी रेणुभार ५,००० ते ९,००० डाल्टन ठेवायचा असतो, म्हणजे हिशेब केला तर एका साखळीत साधारण ४५ ते ८५ अमिनो आम्लं. चार प्रकारांतून नुसती ५० लांबीची साखळी ओवायची म्हटली, तरी शक्य असलेल्या क्रमांची संख्या एकावर तीस शून्यं इतकी होते. एकेका रेणूला नाव देऊन हे औषध कागदावर पूर्ण लिहून काढणं कुणालाच शक्य नाही. जेनेरिकचा विषय निघेल तेव्हा ही गोष्ट पुन्हा लागणार आहे.

हे मिश्रण शरीरात काय करतं हे समजून घ्यायला एका डोसचा माग काढूया. इंजेक्शन कातडीखालच्या चरबीत जातं. तिथली एन्झाइम्स लगेच साखळ्यांचे तुकडे करू लागतात. बहुतेक औषध टोचल्या जागीच फुटतं, रक्तात फारसं सापडत नाही, आणि मेंदूपर्यंत तर ते जातच नाही म्हटलं तरी चालेल. मग मेंदूतला आजार आवरतो कसा? मेंदूपर्यंत जातात त्या पेशी. औषध त्यांना दूरवरच घडवतं.

कातडीत आणि लसिका ग्रंथींमध्ये काही पेशींचं कामच असं असतं, की सापडलेल्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर धरून टी पेशींना दाखवायचे. तुकडा धरून ठेवणाऱ्या रेणूंना एमएचसी म्हणतात आणि ते माणसागणिक वेगळे असतात. ज्याचा क्रम एकच ठरलेला आहे असं पेप्टाइड काही लोकांच्या एमएचसीत नीट बसतं, काहींच्या बसत नाही. ग्लॅटिरॅमरमध्ये मात्र इतके वेगवेगळे क्रम असतात की कुणाच्याही एमएचसीला साजेसा तुकडा त्यात सापडतोच. मिश्रण असणं हा इथे गुण ठरतो.

हे तुकडे बघून टी पेशींचा एक गट तयार होतो. सुरुवातीला त्यात सूज वाढवणाऱ्या, वैद्यकीय भाषेत टीएच-१, पेशीही असतात. पण तेच तुकडे रोज, महिनोन्महिने समोर येत राहिले की गटाचा कल हळूहळू बदलतो. सूज उतरवणाऱ्या टीएच-२ आणि सगळ्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी वाढत जातात. तुकडे दाखवणाऱ्या पेशीही मवाळ होतात, आणि मग त्या नव्याने येणाऱ्या टी पेशींनाही तोच कल देतात. नियमितपणे का टोचायचं याचं उत्तर इथे आहे. एका डोसने काही होत नाही, वळण लागतं ते सरावाने.

तयार झालेल्या पेशी रक्तातून फिरतात आणि मेंदूत शिरतात. तिथे त्यांना मायलिनचे तुकडे दिसतात. ग्लॅटिरॅमरचे काही तुकडे मायलिन बेसिक प्रोटीनच्या तुकड्यांसारखे असल्यामुळे या पेशी ते ओळखतात आणि कामाला लागतात. त्यांचं काम म्हणजे इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-१० असे सूज उतरवणारे संदेश-रेणू सोडणं. हे रेणू आजूबाजूच्या सगळ्याच पेशींना शांत करतात. शेजारची चिडलेली पेशी मायलिनमधल्या दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाच्या मागे लागलेली असेल, तरीही. याला बायस्टँडर सप्रेशन म्हणतात. शिवाय या पेशी चेतापेशींना जगवणारा बीडीएनएफ नावाचा घटकही सोडताना दिसल्या आहेत. मेंदूच्या आतल्या या घडामोडींचा बराचसा पुरावा उंदरांमधला आहे, हे मात्र सांगितलं पाहिजे. माणसांच्या रक्तातले पेशींचे बदल थेट मोजलेले आहेत, मेंदूतले इतके सहज मोजता येत नाहीत.

औषध घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, हे वाचून काहीजण घाबरतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत त्यांचं प्रमाण सर्वात जास्त असतं, मग उतरतं. त्यांच्यामुळे औषध निकामी झाल्याचं दिसलेलं नाही.

प्राण्यांमधलं यश माणसांत उतरतं का, हे पडताळायला वेळ लागला. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये मरे बॉर्नस्टीन यांनी ५० रुग्णांची चाचणी घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन, आणि कुणाला काय मिळतंय हे दोन्ही बाजूंना माहीत नाही. १९८७ मध्ये निकाल आला: दोन वर्षांत एकही अटॅक न आलेले औषधाच्या गटात २५ पैकी १४, प्लासिबोच्या गटात २३ पैकी ६. एवढ्या छोट्या चाचणीवर औषध बाजारात आणता येत नाही, पण मोठी चाचणी करण्याइतकी उमेद त्यातून मिळाली. टेवा या कंपनीने औषध हाती घेतलं आणि अमेरिकेतल्या ११ केंद्रांवर २५१ रुग्णांची चाचणी झाली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत दर माणशी सरासरी अटॅक प्लासिबोवर १.६८, औषधावर १.१९. घट २९ टक्के. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने कोपॅक्सोन या नावाने औषधाला मंजुरी दिली.

२९ टक्के या आकड्याचा अर्थ शंभरातले २९ बरे झाले असा होत नाही. १.६८ आणि १.१९ यांतला फरक सुमारे अर्ध्या अटॅकचा आहे. म्हणजे दोन माणसांनी दोन वर्षं रोज सुई टोचून घेतली, तर दोघांचा मिळून एक अटॅक टळतो. पहिल्यांदा हे ऐकलं की मन खट्टू होतं. पण तो एक अटॅक एखाद्याच्या डोळ्याचा किंवा पायाचा असू शकतो, आणि हे औषध दहा-वीस वर्षं घेतलं जातं. शिवाय १९९६ मध्ये पर्याय म्हणून बीटा-इंटरफेरॉनच काय ते होतं, आणि पुढे त्याच्याशी झालेल्या थेट तुलनांमध्ये दोघांचा प्रभाव जवळपास सारखाच निघाला. पुढे ४० मिलिग्रॅमचा डोस आठवड्यातून तीनदा देऊन १,४०४ रुग्णांवर चाचणी झाली, तिच्यात एका वर्षात अटॅक प्लासिबोपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी आढळले. हा डोस २०१४ पासून अमेरिकेत मंजूर आहे, आणि रोजच्या सुईतून सुटका झाल्याने बहुतेकांना तोच सोयीचा वाटतो.

आता मर्यादा. पेशींचा कल बदलायला वेळ लागतो, त्यामुळे औषध सावकाश लागू पडतं. एमआरआयवर नवे डाग कमी झालेले स्पष्ट दिसायला साधारण सहा महिने जावे लागतात. तिसऱ्या महिन्यात अटॅक आला म्हणून औषध फसलं असं लगेच ठरवता येत नाही, आणि चालू असलेला अटॅक थांबवायला तर ते उपयोगी नाहीच. आधी झालेलं नुकसानही ते भरून काढत नाही. एमएसचा जो प्रकार अटॅकशिवाय पहिल्यापासून हळूहळू वाढत जातो, त्याच्यावर ९४३ रुग्णांची मोठी चाचणी झाली. फायदा होण्याची चिन्हं नसल्याने ती मुदतीआधीच थांबवावी लागली. गोळीच्या रूपात देऊनही पाहिलं, तेही फळलं नाही.

याउलट नॅटॅलिझुमॅबसारखं औषध प्रतिकारक पेशींना मेंदूत शिरण्यापासूनच रोखतं. त्याच्या मुख्य चाचणीत अटॅक प्लासिबोपेक्षा ६८ टक्क्यांनी कमी झाले. पण पेशींची पहाऱ्यासाठी होणारी ये-जाच बंद झाल्याने, बहुतेकांच्या शरीरात निमूट पडून असलेला जेसी विषाणू काहींच्या मेंदूत उचल खातो आणि पीएमएल नावाचं जीवघेणं दुखणं होऊ शकतं. ग्लॅटिरॅमर कुणाची वाट अडवत नाही आणि कुठल्या पेशी मारत नाही, म्हणून त्याच्यासोबत असे संसर्ग येत नाहीत, आणि लसही नेहमीसारखी लागू पडते. त्याची ताकद कमी असण्याचं आणि त्याची भीती कमी असण्याचं कारण एकच आहे.

म्हणूनच एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. पहिल्याच वर्षी दोन-तीन जोरदार अटॅक आलेत, एमआरआयवर मज्जारज्जूत डाग आहेत, अशा माणसाला केवळ ‘हे सुरक्षित आहे’ एवढ्यावर ग्लॅटिरॅमरवर ठेवणं त्याच्या हिताचं नाही. तिथे वाया गेलेलं एक वर्ष परत मिळत नाही. आजार सौम्य असेल, वारंवार संसर्ग होत असतील, इतर काही दुखणं असल्यामुळे जोरकस औषधं झेपणार नसतील, किंवा मूल हवं असेल, तर हेच औषध आजही उत्तम निवड ठरू शकतं.

जेनेरिककडे वळू. ज्या औषधातला एकेक रेणू ओळखता येत नाही, त्याची नक्कल बरोबर आहे हे ठरवायचं कसं? एफडीएने चार गोष्टी मागितल्या. बनवण्याची मूळ रासायनिक प्रक्रिया तीच हवी. अमिनो आम्लांचं प्रमाण, रेणुभार असे भौतिक-रासायनिक गुणधर्म जुळायला हवेत. साखळ्या जोडताना आणि तोडताना त्यांच्यावर ज्या रासायनिक खुणा राहतात त्या सारख्या हव्यात. आणि चौथी गोष्ट, ईएई झालेल्या उंदरांमध्ये परिणाम सारखा दिसायला हवा. ज्या प्रयोगातून औषध सापडलं, तोच त्याच्या नकलेची कसोटी झाला. या आधारावर पहिल्या जेनेरिकला एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. दुसऱ्या एका कंपनीने ७९४ रुग्णांवर थेट तुलना केली, आणि एमआरआयवर तिचं जेनेरिक मूळ औषधाच्या तोडीस तोड निघालं. जेनेरिक म्हणजे दुय्यम माल, हा समज निदान इथे तरी टिकत नाही.

आणि हे औषध स्वस्त होणं किती गरजेचं होतं, हे किमतीचा इतिहास सांगतो. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या देखरेख समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार, कोपॅक्सोनची किंमत बाजारात आल्यापासून २७ वेळा वाढवली गेली. वर्षाच्या औषधाचा खर्च १०,००० डॉलरच्या आतून जवळजवळ ७०,००० डॉलरवर गेला. रेणू तोच, काम तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने टेवाला ४६ कोटी २६ लाख युरोंचा दंड केला. पेटंटच्या पद्धतीचा गैरवापर करून स्पर्धा रोखली आणि प्रतिस्पर्धी औषधाबद्दल डॉक्टरांमध्ये दिशाभूल करणारी माहिती पसरवली, हे त्यामागचे आक्षेप. कंपनीला ते मान्य नाहीत आणि तिने अपील करणार असल्याचं जाहीर केलं. आयुष्यभर घ्यावं लागणारं औषध रुग्णाच्या आवाक्याबाहेर जातं तेव्हा त्याच्या सुरक्षितपणाचा रुग्णाला काडीचाही उपयोग नसतो, आणि याचा राग यायलाच हवा.

ज्यांच्या घरात हे औषध चालू आहे त्यांच्यासाठी थोडं तपशिलात. सिरिंज आधीच भरलेल्या येतात. त्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायच्या, गोठू द्यायच्या नाहीत. प्रवासात वगैरे सामान्य तापमानाला एक महिन्यापर्यंत चालतात. टोचण्याआधी साधारण २० मिनिटं बाहेर काढून ठेवली की आग कमी होते. २० मिलिग्रॅम रोज घ्यायचं असतं, ४० मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा, दोन डोसमध्ये किमान ४८ तासांचं अंतर ठेवून. एकाच्या जागी दुसरं आपल्या मनाने घ्यायचं नाही. पोट, मांड्या, दंडाची मागची बाजू, कमरेखाली नितंबांचा वरचा भाग अशा जागा फिरवत राहायच्या, आठवड्याच्या आत त्याच जागी परत टोचायचं नाही. लाली, गाठ, खाज हे बहुतेकांना होतं आणि जातं. पण एकाच जागी वारंवार टोचलं तर तिथली चरबी विरून खड्डा पडतो आणि तो सहसा भरून येत नाही. कोणत्या दिवशी कुठे टोचलं हे वहीत लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, त्यामुळे डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद होऊ लागली तर लगेच दाखवायचं.

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार म्हणजे टोचल्यानंतर काही मिनिटांत चेहरा तापणं, छाती आवळल्यासारखी वाटणं, धडधड, श्वास अपुरा पडणं. रोजच्या डोसच्या चाचण्यांमध्ये सुमारे १६ टक्के रुग्णांना हे कधी ना कधी झालं. बरेचदा हे औषध सुरू होऊन काही महिने उलटल्यावर घडतं, त्यामुळे माणूस अगदी बेसावध असतो. बहुतेक वेळा पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात सगळं आपोआप निवळतं. पूर्वी एवढंच सांगून रुग्णाला धीर दिला जायचा. आता तेवढ्यावर थांबता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने या औषधाच्या माहितीपत्रकावर सर्वात कडक दर्जाचा इशारा घातला: दुर्मीळ असली तरी जीवघेणी ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, होऊ शकते, बहुधा टोचल्यानंतर तासाभरात, आणि औषध सुरू होऊन कित्येक वर्षं झाली असली तरीही. दोन्हींची सुरुवात सारखी दिसते, गोंधळ तिथेच होतो. लक्षणं निवळण्याऐवजी वाढत गेली, घसा किंवा जीभ सुजली, अंगभर पित्त उठलं, चक्कर येऊन शुद्ध हरपू लागली, तर वाट बघायची नाही. तातडीने दवाखाना गाठायचा, आणि डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत पुढचा डोस घ्यायचा नाही.

गरोदरपणाचा प्रश्न एमएसमध्ये नेहमीच येतो, कारण आजार त्याच वयातला. ग्लॅटिरॅमरच्या साखळ्या इतक्या मोठ्या असतात आणि इतक्या लवकर फुटतात, की त्या वारेतून बाळापर्यंत जाण्याची शक्यता फार कमी. औषध चालू असताना राहिलेल्या हजारो गरोदरपणांच्या नोंदींत जन्मजात दोषांचं प्रमाण एरवीपेक्षा वाढलेलं दिसलं नाही, आणि युरोपातल्या माहितीपत्रकातून गरोदरपणातली पूर्वीची मनाई काढून टाकली गेली. तरी निर्णय आधी घ्यावा, दिवस राहिल्यावर घाईने नको. मूल हवं असल्याचं न्यूरॉलॉजिस्टना आधीच सांगितलं, तर गरोदरपणात चालू ठेवायचं का, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अटॅक वाढण्याचा धोका असतो त्यावर काय करायचं, आणि अंगावर पाजताना कुठलं औषध घ्यायचं, हे तिघांनी बसून सावकाश ठरवता येतं: ती, तिचा जोडीदार आणि डॉक्टर.